ग्रिमाल्डीला आता डॉक्टरकडे पाठवू नका

मेसेज तुम्हालाही आला असेलच. लंडनमधला एक खचलेला माणूस डॉक्टरकडे जातो. डॉक्टर म्हणतो, "औषध कशाला? सर्कशीत ग्रिमाल्डी नावाचा जोकर आलाय, बघून या." माणूस म्हणतो, "डॉक्टर, तो ग्रिमाल्डी मीच." खाली पुरवणी: जगातला हा पहिला जोकर, सगळ्यांना हसवून एकांतात रडला आणि विपन्नावस्थेत, विस्मृतीत गेला. मग हात जोडलेले दोन-तीन इमोजी.

आधी सर्कस. जोसेफ ग्रिमाल्डी (१७७८–१८३७) हा नाटकवाला. सॅडलर्स वेल्स, ड्रुरी लेन आणि कॉव्हेंट गार्डन ही लंडनची नाट्यगृहं म्हणजे त्याचं कामाचं ठिकाण. बाप त्याच धंद्यातला, त्यामुळे पोरगं तीन वर्षांचं व्हायच्या आत रंगमंचावर उभं राहिलं. खेळ असायचा पँटोमाइमचा, म्हणजे गाणी-नाच-कोलांट्यांच्या विनोदी नाटकाचा: आधी एखादी परीकथा, मग त्यातल्या पात्रांचं रूपांतर होऊन प्रेमवीर हार्लेक्विन, त्याची प्रेयसी कोलंबाइन, म्हातारा पँटालून आणि क्लाउन म्हणजे विदूषक यांची धावपळ. २९ डिसेंबर १८०६ रोजी कॉव्हेंट गार्डनला 'मदर गूस' लागलं, त्याचे ९२ प्रयोग झाले आणि ग्रिमाल्डी लंडनभर गाजला.

'पहिला जोकर'? छे! शेक्सपिअरच्या कंपनीतला विनोदी नट विल केम्प १६०० साली लंडनहून नॉर्विचपर्यंत नाचत गेला होता. ग्रिमाल्डीने केलं ते वेगळंच. तोवर पँटोमाइममधला क्लाउन म्हणजे खेडवळ, मार खाणारा गबाळ्या. याने त्याला शहरातला बिलंदर चोर केला. पांढराफटक चेहरा, गालांवर लाल त्रिकोण, डोक्यावर केसांचा तुरा. दुकानातून सॉसेजची माळ लंपास करायची, लालबुंद तापलेली सळई घेऊन कुणाच्यातरी मागे लागायचं. एका प्रवेशात तो भाज्या रचून माणूस उभा करायचा, तो भाज्यांचा माणूस जिवंत व्हायचा आणि त्यालाच ठोसे मारायचा! इंग्रजीत विदूषकाला आजही 'जोई' म्हणतात ते याच जोसेफवरून. सर्कशीतल्या जोकरांनी रंगरूप पुढे त्याच्याकडून उचललं. मेसेजने गंगा उलटी वाहवली.

आता डॉक्टर. हाच किस्सा पॅरिसचा मूकाभिनेता दब्युरो याच्या नावावर सांगतात. अमेरिकन लेखक इमर्सनच्या एका निबंधात तो नेपल्सच्या कार्लिनी नावाच्या विदूषकावर आहे. शहर बदलतं, विदूषक बदलतो, डॉक्टर मात्र तोच सल्ला देतो. अशी गोष्ट कुणा एकाच्या आयुष्यात घडलेली नसते, ती जो प्रसिद्ध असेल त्याला चिकटते.

'एकांतात रडला' यात थोडं तथ्य आहे, ते नाकारायचं कारण नाही. पहिली बायको मारिया १८०० साली बाळंतपणात गेली. दुसऱ्या लग्नातला मुलगाही क्लाउनच झाला, दारूने पोखरला आणि १८३२ मध्ये बापाआधी गेला. स्वतःच्या आडनावावर ग्रिमाल्डी कोटीही करायचा: 'ग्रिम ऑल डे', म्हणजे दिवसभर सुतकी चेहरा. पण त्याला रंगमंचावरून उतरवलं ते शरीराने. वर्षानुवर्षं उड्या, आपटणं, रंगमंचाच्या चोरझडपेतून खाली पडणं; चाळिशीच्या मध्यावर सांधे कामातून गेले. २७ जून १८२८ ला ड्रुरी लेनला निरोपाचा प्रयोग झाला तेव्हा तो खुर्चीत बसून खेळला. भाषणात म्हणाला, पूर्वी डोक्यावर उभा राहायचो, त्याहून वाईट आता पायांवर उभा राहतो. हसणाऱ्याच्या मनातलं दुःख आपण चवीने फॉरवर्ड करतो. त्याच्या मोडलेल्या गुडघ्यांवर कुणी मेसेज करत नाही.

राहिली ती विपन्नावस्था आणि विस्मृती. श्रीमंत नव्हता, खरंय. पण ड्रुरी लेनच्या नाट्यनिधीतून त्याला वर्षाला १०० पौंड मिळत होते. लंडनच्या पेंटनव्हिल भागात घराजवळच्या दारूच्या गुत्त्यात त्याची संध्याकाळची बैठक असे, आणि पाय चालेनात म्हणून गुत्त्याचा मालक त्याला पाठुंगळीला घेऊन घरी पोचवायचा. ३१ मे १८३७ च्या रात्री तो गेला. पुढच्याच वर्षी त्याच्या आठवणी पुस्तकरूपाने आल्या. संपादक चार्ल्स डिकन्स, चित्रं जॉर्ज क्रुकशँकची. ज्या दफनभूमीत त्याला पुरलं तिथे आता त्याच्या नावाची बाग आहे. आणि पूर्व लंडनमधल्या चर्चमध्ये फेब्रुवारीत त्याच्या स्मरणार्थ प्रार्थना होते, तिला देशभरातले विदूषक तोंड रंगवून, पूर्ण पोशाखात येऊन बसतात.