‘जड तोच दणकट’ : लॅपटॉपच्या त्या मेसेजला दुरुस्तीच्या टेबलावरून उत्तर

बारावीचा निकाल लागला की एक मेसेज दरवर्षी गाजरगवतासारखा उगवतो. यंदा मला तो चौदा जणांनी पाठवला, त्यात माझा सख्खा मेव्हणा. मजकूर थोडक्यात असा: लॅपटॉप एकदाच घ्यायचा असतो, म्हणून इंटेलचा आय-सेव्हन प्रोसेसरच घ्या. गेमिंगचा घ्या, जड असतो म्हणजे दणकट असतो. मिलिटरी ग्रेड बघा, पडला तरी काही होत नाही. पातळ घेऊ नका, दोन वर्षांत भंगार. रॅम (काम चालू असताना लागणारी मेमरी) आठ जीबी पुरे, नंतर वाढवता येते. खाली ‘पालकांनो, जनहितार्थ पुढे पाठवा’.

माझं परभणीत दुरुस्तीचं दुकान आहे. हा मेसेज वाचून घेतलेली मशिनं दोन-अडीच वर्षांनी माझ्याच टेबलावर येतात, त्यामुळे खरं तर मी गप्प बसायला पाहिजे. पण यंदा मेव्हण्याच्या पोरीला घ्यायचाय, म्हणून बोलतो.

आधी ते ‘जड म्हणजे दणकट’. गेमिंग लॅपटॉपचं वजन कशाचं असतं ते मागचं झाकण काढल्यावर कळतं. तांब्याच्या नळ्या, दोन पंखे, पात्यांच्या जाळ्या, मोठी बॅटरी. सगळा खटाटोप ताप बाहेर काढायचा. वरचं आवरण पुष्कळदा प्लास्टिकचंच. म्हणजे ते वजन मजबुतीचं नाही, तापाचं आहे. आता आपल्याकडचा मे महिना धरा. पारा ४२-४३ ला टेकतो, आणि कंपन्यांच्या माहितीपत्रकात वापराचं तापमान बहुधा ३५ अंशांपर्यंतच दिलेलं असतं. खोलीतली हवाच चाळीसची असली तर पंख्यानं थंड करायचं कशानं? प्रोसेसर जळू नये म्हणून स्वतःच वेग उतरवतो. ज्या ताकदीचे पैसे मोजले ती भर दुपारी गायब.

त्यात आपली धूळ. मागच्या उन्हाळ्यात जिनिंगजवळ राहणारं एक पोरगं आलं. “भैय्या, इमानासारखा आवाज करतंय अन् आपोआप बंद पडतंय.” पंखा उचलला, तर पंखा आणि पात्यांच्या मधे कापसाच्या तंतूंची पट्टी बसलेली, जुन्या गादीतल्या कापसासारखी दाबून. चिमट्यानं ओढली तर अखंड निघाली, करंगळीएवढी लांब. प्रोसेसरचा ताप नळ्यांकडे नेणारा लेप, म्हणजे थर्मल पेस्ट, वाळून खडू झाली होती, ती पुसून नवी लावली. अर्ध्या तासाचं काम. पोरगं सहा महिने ‘व्हायरस आहे’ म्हणून विंडोज टाकत बसलं होतं.

दुसरी मोडणारी जागा हिंज, म्हणजे पडद्याची बिजागरी. त्याचा स्क्रू प्लास्टिकमध्ये बसवलेल्या पितळी नटात जातो. हिंज घट्ट झाला आणि झाकण एका कोपऱ्याला धरून उघडायची सवय असली की एक दिवस नट प्लास्टिकसकट उपटून येतो. मोठ्या पडद्याला तरफ जास्त, म्हणून तिथं हे लवकर होतं. मी एपॉक्सी भरून देतो, पण ते ठिगळच.

आणि वजन पाठीवर वाहायचं असतं. मशीन सव्वादोन-अडीच किलोचं, चार्जरची वीट सहाशे-आठशे ग्रॅमची. परभणीहून पुण्याला जाताना अशी सॅक कुणी मांडीवर घेत नाही. ती ट्रॅव्हल्सच्या डिक्कीत जाते, ज्वारीच्या कट्ट्याखाली. दीड किलोचा लॅपटॉप मांडीवर बसतो, म्हणून वाचतो. टिकाऊपणात हे कुणी धरत नाही. शिवाय गेमिंगवाल्याचा प्लग काढला की ग्राफिक्स कार्डला (पडद्यावरची चित्रं रंगवणाऱ्या भागाला) पुरेशी वीज मिळत नाही, मग ते अर्ध्या ताकदीनं चालतं आणि बॅटरी तरी तास-दोन तासांत बसते.

तरी काहींना तो लागतोच. आर्किटेक्चर, थ्री-डी, व्हिडिओ एडिटिंगवाल्यांनी खुशाल घ्यावा, पण कार्डाच्या नावावर जाऊ नका, त्याला किती वॅट वीज मिळते ते विचारा. लॅपटॉपमधलं आरटीएक्स ४०५० हे एकच कार्ड कंपनी ३५ वॅटवर बसवते किंवा ११५ वॅटवर, आणि डब्यावर नाव तेच.

मिलिटरी ग्रेडचं ऐकून हसू येतं. मिल-स्टँडर्ड-८१० ही अमेरिकी लष्करानं घालून दिलेली चाचण्यांची पद्धत आहे. पहिल्यांदा आली १९६२ साली, आताची ‘एच’ आवृत्ती २०१९ ची. त्यात ऊन, थंडी, दमटपणा, धूळ, हादरे, बरंच काही आहे, पण कोणत्या चाचण्या करायच्या ते लॅपटॉप कंपनी ठरवते. लष्कर कुणाला प्रमाणपत्र वाटत नाही. त्यातल्या एका चाचणीत वस्तू १२२ सेंटीमीटरवरून २६ वेळा पाडतात, आणि त्या २६ वेळा पाच नगांत वाटून घ्यायची मुभा आहे. अगदीच खोटं नाही ते, अशा मशिनांची बांधणी थोडी बरी असते. पण पडून स्क्रीन फुटली तर साध्या वॉरंटीत काही मिळत नाही. अपघाती नुकसानीचं संरक्षण वेगळे पैसे देऊन घ्यावं लागतं. पोरगं घराबाहेर राहणार असेल तर प्रोसेसर वाढवण्याआधी ते घ्या.

आय-सेव्हनचं दोन ओळींत. प्रोसेसरच्या नंबरामागचं अक्षर बघा. ‘यू’ म्हणजे १५ वॅटवाला, ‘एच’ म्हणजे ४५ वॅटवाला. बाराव्या पिढीतल्या आय-७ १२५५यू ला दहा कोर (काम करणारे भाग) आहेत, आय-५ १२५००एच ला बारा. नंबर मोठा म्हणून ताकद मोठी, असं नसतं.

पातळ मात्र सगळेच वाईट नाहीत आणि सगळेच चांगले नाहीत. इथं मेसेजमधली एक गोष्ट अर्धी खरी आहे: पुष्कळ पातळ मशिनांत रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, ती गेली तर काम महागात जातं. पण म्हणूनच ‘आठ घ्या, नंतर वाढवा’ हा सल्ला खड्ड्यात घालतो. अशा मशिनात नंतर वाढतच नाही! घेतानाच सोळा घ्या. फायली साठवायची एसएसडी बहुतेकांत बदलता येते, तिथं काटकसर चालेल. धातूच्या बॉडीला हात लावला की झिणझिण्या येतात, असंही लोक सांगत येतात. बहुतेक वेळा लॅपटॉप ठीक असतो, घरात अर्थिंगच नसतं.

मेव्हण्याची पोरगी संभाजीनगरला मेकॅनिकलला जाणार. तिला चौदा इंची, दीड किलोच्या आतला, सोळा रॅमचा निवडून दिला, सोबत अपघाती संरक्षण. मेव्हण्यानं डबा हातात तोलून बघितला अन् म्हणला, “एवढ्या पैशात एवढासाच?”