‘त्यांना ब्रेकच नसतो’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

गेले काही दिवस फोंडा, डिचोली, पेडणे, जिथल्या ग्रुपवर बघावं तिथे एकच फॉरवर्ड. म्हणे अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी मोजून सिद्ध केलंय की समलिंगी आणि बायसेक्शुअल लोकांच्या मेंदूत सेक्सचा अ‍ॅक्सिलरेटर फुल असतो, ब्रेक नसतोच, आणि ब्रेक वाढवायची ट्रीटमेंट घेतली की माणूस ‘नॉर्मल’ होतो. खाली हात जोडलेले इमोजी. शास्त्रज्ञ खरे आहेत, बाकी सगळं पदरचं.

‘मेंदूत मोजलं’ म्हणतात ना, तर मोजायचं हत्यार म्हणजे एक प्रश्नावली. इंडियाना युनिव्हर्सिटीच्या किन्से इन्स्टिट्यूटमधल्या जॉन बँक्रॉफ्ट आणि एरिक जान्सेन ह्यांचं म्हणणं असं, की उत्तेजना वाढवणारी एक आणि तिला आवरणारी दुसरी अशा दोन यंत्रणा प्रत्येकात असतात, कोणात कमी कोणात जास्त. त्यावरची ४५ विधानांची प्रश्नावली २००२ मध्ये छापून आली, पटतं की नाही पटत ते टिक करायचं, झालं. आणि ती बेतली होती भिन्नलिंगी पुरुषांच्या उत्तरांवर! बायकांसाठीची वेगळी २००६ मध्ये आली.

आता ‘ब्रेक नसतो’. अहो, त्या प्रश्नावलीत ब्रेकच दोन आहेत. एक म्हणजे ‘आपल्याला जमेल का, टिकेल का’ ही धास्ती. २००५ च्या एका तुलनेत हा ब्रेक समलिंगी पुरुषांमध्ये सरासरीने जास्त निघाला, म्हणजे फॉरवर्डच्या बरोब्बर उलट. आणि हा ब्रेक जास्त असणं हे काही संस्कारी असल्याचं सर्टिफिकेट नव्हे, ताठरता न टिकण्याच्या तक्रारीशी त्याचा संबंध आहे.

दुसरा ब्रेक परिणामांच्या भीतीचा, आणि खरी गोम इथे आहे. त्यात नको असलेल्या गर्भधारणेबद्दल विचारलंय. दोन पुरुषांच्या नात्यात ह्या प्रश्नाचं करायचं काय? त्यांनी ‘नाही, त्याने मला फरक पडत नाही’ टिक केलं तर मार्क कमी, की लगेच म्हणणार बघा ब्रेक नाही. कोणी ऐकलं तर मूड जातो का, असंही एक विधान आहे. आता आपल्याकडच्या जुन्या घरात, जिथे मधली भिंत वरपर्यंत गेलेलीच नसते आणि पलीकडे आजी खोकतेय, तिथे नवराबायकोला कोणी ऐकलं तर सकाळी चार टोमणे, पण दोन मुलगे किंवा दोन मुली असतील तर घर सुटेल. रोगाच्या भीतीचंही तेच. ह्याच गोव्यात १९८९ मध्ये डॉमनिक डिसोझाला एचआयव्ही पॉझिटिव्ह निघाला एवढ्यावरून म्हापशात ६४ दिवस कोंडून ठेवलं, तेही कायद्याचा आधार घेऊन. अशा जागी ‘रोगाचा धोका दिसला तर’ हे वाक्य सगळे सारखंच वाचतील? म्हणून वेगवेगळ्या गटांची तुलना करायच्या आधी प्रत्येक विधान सगळ्या गटांत सारखंच चालतं का हे तपासावं लागतं, नाहीतर मार्कांत माणूस किती आणि परिस्थिती किती ते कळणारच नाही.

बरं, मानू की एखाद्या गटाची उत्तेजनेची सरासरी थोडी वर आली. तरी सरासरी ती सरासरीच, गटागटांतले आकडे एकमेकांवर चढलेले असतात, त्यावरून शेजारच्या पोराबद्दल काही सांगता येत नाही.

आणि ट्रीटमेंट. ही प्रश्नावली उत्तेजना किती सहज येते आणि कशाने जाते ते विचारते, कोणाबद्दल येते ते नाही, त्यामुळे ब्रेक वाढवला तरी ओढ आहे तिथेच राहणार, वर नवीन तक्रार पदरात. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून १९९० मध्येच काढली, आणि २०२२ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनने ‘कन्व्हर्जन थेरपी’, म्हणजे ओढ बदलून माणसाला ‘नॉर्मल’ करायचे असले उपचार, हे डॉक्टरचं गैरवर्तन म्हणून सगळ्या राज्यांच्या मेडिकल कौन्सिलना कळवलंय. तेव्हा कोणी डॉक्टर असलं पॅकेज विकत असेल तर त्याचा नंबर ग्रुपवर टाकू नका, गोवा मेडिकल कौन्सिलकडे लेखी तक्रार द्या.