'नोमोडसेट' कायमचं ठेवायचं नसतं
"लिनक्सवर स्क्रीन काळी पडली की ग्रबमध्ये (संगणक सुरू होताना येणाऱ्या बूट मेनूत) 'नोमोडसेट' हा पर्याय टाका आणि तसंच राहू द्या, ग्राफिक्स ड्रायव्हर नीट बसतो," असा सल्ला सध्या फिरतोय. तो अर्धवट आहे.

या पर्यायाने ड्रायव्हर बसत नाही; उलट कर्नलचं मोड-सेटिंगच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने स्क्रीनचं रिझोल्यूशन वगैरे ठरवणंच, बंद होतं. एएमडी आणि इंटेलचे आताचे ड्रायव्हर त्याशिवाय चालत नाहीत, मग सगळं चित्र सीपीयूला काढावं लागतं. सिस्टीमच्या माहितीत ग्राफिक्ससमोर 'एलएलव्हीएमपाइप' (सीपीयूवरच चित्र काढणारं सॉफ्टवेअर) दिसलं, तर ग्राफिक्स कार्ड नुसतं बसून आहे असं समजा. व्हिडिओ अडखळतो, पंखा मात्र जोरात. (आणि शिव्या खातं बिचारं कार्ड!)

ग्रबच्या मेनूत 'ई' दाबून 'नोमोडसेट' हा शब्द एका बूटपुरता घालता येतो. आत शिरून योग्य ड्रायव्हर टाकायला तेवढं पुरतं.