‘दोन दिवसांत ताळ्यावर येतो’ म्हणे!

कोलवाळच्या तुरुंगाचा विषय निघाला की गोव्यात एक मजकूर फिरू लागतो : ‘दारू बंद झाली की कैदी थरथरायचं नाटक करतात, दोन दिवसांत ताळ्यावर येतात. गोळ्या तर शिपाईही वाटेल, तिथं नर्स कशाला?’

थरथर नाटकाची नसते. रोज फेणी पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली की 6 ते 24 तासांत हात कापतात, घाम फुटतो, नाडी धावते. फिट येण्याची भीती पहिल्या 48 तासांत. आणि ‘ताळ्यावर’ यायच्या त्याच दिवशी, म्हणजे 48 ते 96 तासांत, तो चादरीवरचे नसलेले किडे वेचू लागतो, वार विसरतो, अंग तापतं. उपचार नसतील तर यात माणूस दगावतो. म्हणून आत घेतानाच विचारायचं : शेवटची कधी प्यायला, रोज किती, पूर्वी कधी फिट आली होती का? तिसऱ्या प्रश्नाला ‘हो’ आलं तर बराकीत न पाठवता डॉक्टरांना कळवायचं. हात समोर ताणून बोटं फाकवायला लावा. कापरं दिसलं नाही तरी बोटाच्या टोकाला आपलं बोट टेकवलं की कळतं.

पण हे दारूचंच, असं ठरवण्याआधी रक्तातली साखर बघा. साखर उतरलेला माणूसही असाच घामाघूम होतो, असाच बरळतो. डोक्याला मार लागलेलाही.

आता ‘शिपाईही वाटेल’. मधुमेही कैद्याला साधं इन्सुलिन जेवणाआधी साधारण अर्धा तास देतात. सुई टोचली आणि कैद्यांची गिनती जुळेना म्हणून जेवण तासभर लांबलं, तर साखर घसरते. कुलूप लागल्यावर शेजारच्याला वाटतं, गाढ झोपलाय. म्हणून जेवण बराकीच्या दारात आल्याशिवाय सुई नाही, मग ती अर्धा तास उशिरा पडली तरी चालेल. साखर 70च्या (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) खाली गेली आणि माणूस शुद्धीत असेल तर 3 चहाचे चमचे साखर पाण्यातून द्यायची, 15 मिनिटांनी पुन्हा तपासायचं. बेशुद्धाच्या तोंडात काहीही घालायचं नाही.

गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, हलवायचं की नाही, हा निर्णय वैद्यकीयच. कैद्यांना कसं वागवावं याबद्दलच्या संयुक्त राष्ट्रांच्या 2015च्या मंडेला नियमांतला 27वा नियम हेच सांगतो : तो निर्णय तुरुंगाचे इतर कर्मचारी फिरवू शकत नाहीत.

रात्रीच्या नोंदीत ‘झोपलाय’ एवढंच लिहून भागत नाही. हाक मारून जागं करायचं, श्वास आणि नाडी मोजायची, वेळ घालून आकडे लिहायचे.