गुंठेवारीतलं फोल्डर

साहेबांची मागणी एका ओळीत मावणारी होती. "सगळ्यांले एकच फोल्डर दिसलं पाहिजे, बस." पेनड्राइव्ह घेऊन टेबलाटेबलावर फिरणारी माणसं त्यांच्या डोळ्यांत खुपत होती.

आमचं क्लाउड स्वतःचं आहे, म्हणजे जिन्याखालच्या खोलीत. त्या खोलीला एसी, आम्हाला कूलर. नागपूरच्या मे महिन्यात 'जरा लॉग बघून येतो' म्हणून आत गेलेला माणूस चार वाजेपर्यंत बाहेर येत नाही, आणि त्याला कोणी बोलतही नाही.

हे क्लाउड ओपनस्टॅकचं, म्हणजे आपल्याच सर्व्हरांवर क्लाउड चालवायच्या खुल्या सॉफ्टवेअरचं. २०१० साली रॅकस्पेस आणि नासा यांनी मिळून सुरू केलेलं प्रकरण. सामायिक फाइलींचं खातं त्यात 'मनिला' नावाच्या सेवेकडे असतं. मनिला फोल्डर तयार करते, वाढवते, पुसते. पण फोल्डर देणाऱ्या सर्व्हरला आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, कुठून आणायचा, हे ती नेटवर्क प्लगइन नावाच्या जोड-सॉफ्टवेअरला विचारते. आणि प्लगइन कोणतं, हे ती तुम्हाला विचारते.

त्याच्याही आधी एक प्रश्न येतो: ड्रायव्हर-हँडल्स-शेअर-सर्व्हर्स, म्हणजे फोल्डर देणारे सर्व्हर (शेअर सर्व्हर) मनिलाच्या ड्रायव्हरनं सांभाळायचे का, ट्रू का फॉल्स? फॉल्स म्हटलं तर नेटवर्क आधीच कोणीतरी करून ठेवलेलं असतं आणि प्लगइनला सुट्टी. ट्रू म्हटलं की प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नेटवर्कसाठी वेगळा शेअर सर्व्हर उभा राहतो आणि त्याला पत्ता लागतो. आम्हाला हिशेब आणि डिझाइनवाल्यांची बिऱ्हाडं वेगळी हवी होती, म्हणून ट्रू. गंमत अशी की हेच उत्तर शेअर टाइपमध्येही, म्हणजे फोल्डर कसं हवं त्या नमुन्यातही, लिहिलेलं असावं लागतं. आधीच्या माणसानं तिथे फॉल्स ठेवून नोकरी सोडलेली. मनिलानं शांतपणे कळवलं, 'नो व्हॅलिड होस्ट वॉज फाउंड'. डोळ्यांसमोर सर्व्हर घरघरतोय, दिवे लुकलुकतायत, आणि ही म्हणते होस्टच नाही!

मग प्लगइनची निवड. नागपूरकराला हे समजावायचं तर लेआउटची भाषा बरी. न्यूट्रॉन ही ओपनस्टॅकची नेटवर्क सांभाळणारी सेवा. न्यूट्रॉनवालं प्लगइन म्हणजे मंजूर लेआउट: अर्ज करा, नंबर मिळतो, नोंद होते, तोच प्लॉट दुसऱ्याला जात नाही. त्यात पुन्हा एकच ठरलेलं नेटवर्क वापरणारा प्रकार आहे, आणि पोर्ट खरोखर जोडलं जाईपर्यंत ताटकळणारा 'बाइंड' प्रकारही आहे. स्टँडअलोन प्लगइन म्हणजे गुंठेवारी. गेटवे (बाहेर पडायचं दार) तुम्ही सांगा, मास्क (वस्तीची हद्द) तुम्ही सांगा, कुठून कुठपर्यंत पत्ते वाटायचे तेही तुम्हीच सांगा. प्लगइन आपल्या वहीत लिहून वाटत सुटतं. आपण दिलेलं त्याला पक्कं ठाऊक असतं, पण शेजारी दुसरं कोण येऊन बसलंय याची त्याला खबर नसते.

मला अर्थातच मंजूर लेआउट हवा होता. नेटवर्कवाला भाऊ म्हणाला, "न्यूट्रॉनले माझ्या स्विचले हात लावू देणार नाही. मागच्या वेळी सगळं ऑफिस बसलं होतं." स्टोरेज कंपनीचा इंजिनिअर पुण्याहून फोनवर सांगत होता, "सर, नेटवर्क आमच्या स्कोपमध्ये येत नाही." भाऊ म्हणे हे स्टोरेजचं, इंजिनिअर म्हणे नेटवर्कचं. साहेब मधूनच डोकावून, "काहून बे, फोल्डरच तर बनवून राहिले ना?"

गुंठेवारी ठरली. गेटवे आणि मास्क सक्तीचे. मास्क '२४' लिहा नाहीतर '२५५.२५५.२५५.०', दोन्ही चालतं. मनिलाचा हा एवढाच काय तो उदारपणा. नेटवर्कचा प्रकार 'फ्लॅट', म्हणजे सगळे एकाच अंगणात, कारण व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगळ्या भिंती) म्हटलं की आणखी एक मीटिंग. पत्त्यांची मर्यादा दिली नाही, तर प्लगइन सगळा सबनेट, म्हणजे मास्कच्या हद्दीतले सगळे पत्ते, आपल्याच बापाचा समजतं, म्हणून भाऊकडून चिठ्ठीवर लिहून घेतलं: शेवटचा आकडा २०० ते २२०. चिठ्ठी मी जपून ठेवली. या धंद्यात चिठ्ठीला किंमत आहे.

शेअर 'क्रिएटिंग'वरून 'अव्हेलेबल'वर आला. पिंग झालं (हाक मारली, ओ आली), माउंट झालं (फोल्डर जोडलं गेलं), दोन ओळींची फाइल गेली. साहेबांनी संत्रा बर्फी मागवली. बर्फी वाटली जात असतानाच डिझाइनवालीनं मोठी फाइल टाकली आणि अख्खं फोल्डर गोठलं. पिंग चालू, फोल्डर मेलेलं. इंजिनिअरनं 'स्पीडसाठी' दोन्ही टोकांना एमटीयू, म्हणजे एका पाकिटाचं जास्तीत जास्त माप, ९००० बाइट करायला लावला होता. मधला जुना स्विच १५००च्या वर काही गिळत नव्हता आणि मोठी पाकिटं गुपचूप टाकून देत होता. ८९७२ बाइटचं, तुकडे न करण्याच्या अटीवर पिंग पाठवलं तेव्हा कुठे चोर सापडला. प्लगइनमध्ये एमटीयू मूळचा १५००च असतो. कोणी न छेडता तो तसाच राहिला असता, तर बर्फी सुखानं पचली असती.

१५०० केलं, सगळं पळायला लागलं. इतकं की पेनड्राइव्हवाले हिशेबाचे काकाही फोल्डरमध्ये आले.

आणि एके दिवशी फक्त काकांच्या विभागाचं फोल्डर दिसेना. कधी उघडायचं, कधी नाही. काका बिल छापायला बसले की हमखास गायब. त्यांच्याकडे नवा प्रिंटर आला होता आणि बसवणाऱ्यानं त्याला हातानं पत्ता दिला होता, शेवटचा आकडा २०७. आमच्या वहीत २०७वर काकांचाच शेअर सर्व्हर.

मी चिठ्ठी काढली. भाऊनं ती उलटसुलट पाहिली. "अक्षर माझंच आहे," तो म्हणाला, "पण प्रिंटर काही नेटवर्कमध्ये येत नाही."