निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे

दर हिवाळ्यात एक मेसेज फिरतो: थंडीत सायकल चालवणाऱ्यांसाठी पाच नियम. जमतील तेवढे कपडे चढवा. शरीरातली निम्मी उष्णता डोक्यातून जाते, म्हणून जाड टोपी घाला. पायांत दोन-दोन मोजे हवेत. निघण्यापूर्वी ब्रँडीचा घोट घ्या. आणि २१ दिवस मन मारून चालवा, मग सवय लागतेच. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असेल, पण यातला एकही नियम जसाच्या तसा पाळण्याजोगा नाही.

पहिला सगळ्यात वाईट, कारण तो लगेच पटतो. पेडल मारताना स्नायू जी ऊर्जा खर्च करतात, त्यातली जेमतेम पाव पेडलपर्यंत पोचते, बाकीची उष्णता होते. पेडलवर १०० वॉट पडत असतील तर अंगात ३०० वॉटच्या आसपास शेगडी पेटलेली असते. त्यावर जाड जॅकेट घातलं की पहिल्याच चढावर बनियन भिजतो. खरी हुडहुडी भरते ती पुढच्या उतारावर: पाय थांबलेले, वेग वाढलेला आणि पाठीला चिकटलेलं ओलं सुती कापड. हवा १० अंश असेल तर ताशी २५ किलोमीटरच्या वाऱ्यात ती उघड्या त्वचेला ७ अंशांसारखी लागते, आणि यात ओल्या अंगाचा हिशोब धरलेलाच नाही.

म्हणून दाराबाहेर पडताना किंचित कुडकुडायला हवं. थोडं अंतर गेलं की अंग तापतंच. आत घाम ओढून घेणारा सिंथेटिक किंवा मेरिनो लोकरीचा थर, बाहेर वारा अडवणारं पातळ जॅकेट, फार गार असेल तर मध्ये आणखी एक थर. चेन (जॅकेटची, सायकलची नव्हे) चढ लागण्याआधी उघडायची, घाम फुटल्यावर नाही. माथ्यावर पोचलात की उतार सुरू व्हायच्या आत गळ्यापर्यंत लावायची. आल्प्सच्या घाटांत शर्यतीतले सायकलस्वार उतारापूर्वी जर्सीत वर्तमानपत्र खुपसायचे, ते छातीवरचा वारा अडवायलाच.

डोक्याचं गणित २००८ सालीच ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये खोडून झालंय. डोकं म्हणजे शरीराच्या पृष्ठभागाचा साधारण दहावा हिस्सा, आणि उष्णताही जवळपास त्याच प्रमाणात जाते. कान झाकणारी पातळ टोपी जरूर घाला. जाड टोपीवर हेल्मेट नीट बसत नाही, हे मेसेज लिहिणाऱ्याच्या गावीही नाही.

दोन मोजे बूट सैल असतील तरच. घट्ट बुटात रक्तप्रवाह दबतो आणि बोटं आणखी गारठतात. त्यापेक्षा बुटावर वारा अडवणारं कव्हर चढवा. हातांबद्दल मात्र मेसेज गप्प आहे, आणि बधिर बोटांना ब्रेक किती दाबला गेला तेच कळत नाही.

ब्रँडीने त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात. ऊब वाटते, पण आतली उष्णता बाहेर जाते. पिऊन सायकल चालवण्याबद्दल तर बोलायलाच नको.

राहिले २१ दिवस. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, आणि माणसामाणसांत फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता. त्यामुळे बाविसाव्या पहाटेही पांघरूण सोडवत नसेल तर तुमच्यात काही खोट नाही. मन मारण्यापेक्षा रात्रीच कपडे काढून ठेवा, दिवे चार्ज करा, टायरची हवा बघा. पहाटे ठरवायला काही उरलं नाही की निघणं सोपं जातं. त्याच अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने सवयीचं फारसं बिघडलं नाही, असंही दिसलं. रस्त्यावर बर्फाचा पातळ थर असेल, तर त्या दिवशी खुशाल दांडी मारा.