‘जिप्सी’ म्हणजे शिळी कढी नव्हे

सकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. लांब होणार आहे.

आमचा इथल्या, म्हणजे न्यू जर्सीतल्या, नाटकवेड्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. सगळी मराठी मंडळी, पण ब्रॉडवेचंही, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक नाटकांचंही, तेवढंच वेड. तिथे आज परत ग्रॅमी या संगीत-पुरस्कारांच्या म्युझिकल थिएटर अल्बम, म्हणजे संगीत नाटकांच्या रेकॉर्डिंगच्या, विभागातल्या नॉमिनेशन्सवरून जुंपली. २०२६ साठी पाच नावं आहेत: ‘मेबी हॅपी एंडिंग’, ‘डेथ बिकम्स हर’, ‘बुएना व्हिस्टा सोशल क्लब’, ‘जस्ट इन टाइम’ आणि ‘जिप्सी’, १९५९ च्या जुन्या म्युझिकलचा नवा प्रयोग. त्यावर एका गृहस्थांनी लिहिलं, "जिप्सी परत कशाला? तीच गाणी, दोनदा ग्रॅमी घेऊन झालंय. शिळ्या कढीला ऊत." खाली अंगठ्यांची रांग.

इतर कुणी लिहिलं असतं तर सोडून दिलं असतं. पण हे लिहिणारे आणि अंगठे देणारे कोण? लहानपणी ज्यांच्या घरी रविवारी रेडिओवर नाट्यसंगीत लागायचं ते. ज्यांना ‘नाथ हा माझा’ कुणी कसं म्हटलं यावर तासभर वाद घालता येतो ते. तुम्ही असं लिहायचं?

मागच्या सप्टेंबरात आई सांगलीहून आली. ‘जिप्सी’ दाखवायला नेणार होते, पण नाटक ऑगस्टमध्येच बंद झालं होतं. मॅजेस्टिक थिएटरच्या दारावरून नुसती फिरवून आणली. मग एक दिवस ती स्वयंपाकघरात मेथी निवडत बसली होती आणि मी फोनवर त्यातलं, ऑड्रा मॅक्डॉनल्ड या नटीने गायलेलं ‘रोझेस टर्न’ लावलं. आईला इंग्रजी जेमतेम कळतं. या गाण्यात तर शब्द इतके तुटक येतात की मलाही पहिल्यांदा सगळे लागले नव्हते. गाणं संपलं तेव्हा मेथी तशीच होती. म्हणाली, "हिची मुलं मोठी झालीत का गं?"

कथेतलं एक अक्षर मी तिला सांगितलेलं नव्हतं. नाटकातली रोज म्हणजे मुलींना नाटकाच्या धंद्यात ढकलणारी आई. एक मुलगी पळून जाते, दुसरी मोठी होते, नाव कमावते आणि तिला आईची गरज उरत नाही. मग रोज रिकाम्या रंगमंचावर एकटी उभी राहून गाते, ते हे गाणं. हे सगळं आईला त्या आवाजातून कळलं.

मग म्हणाली, "पुन्हा लाव."

तर ‘जिप्सी’ला ग्रॅमी दोनदा मिळालंय, हे खरंच आहे. १९६० साली एथेल मर्मनच्या मूळ संचाला, तेही ‘रेडहेड’ या दुसऱ्या म्युझिकलबरोबर विभागून. मग २००४ ला बर्नाडेट पीटर्सच्या. मधल्या टाइन डेलीच्या संचाला मात्र नाही. पॅटी लुपोनच्या रेकॉर्डिंगलाही नॉमिनेशन होतं, २००९ ला, तेव्हा ‘इन द हाइट्स’ जिंकलं आणि ते योग्यच झालं. पण या चार बायका चार वेगळ्या रोज आहेत हो! मर्मनचा आवाज म्हणजे पितळी तुतारी, तिला कसलीही शंका नाही. पीटर्सचा आवाज नाजूक, चिरत जाणारा, म्हणून तिची रोज आपल्याच मुलींशी स्पर्धा करणारी वाटते. ‘तीच गाणी’ म्हणणाऱ्यांनी ती लागोपाठ ऐकली आहेत का, एवढंच विचारते.

मी आईला त्याच दुपारी मर्मनही ऐकवलं. तिचा निकाल लगेच आला. "ही हुकूम सोडतेय. मघाची स्वतःशीच भांडत होती." यापेक्षा नेमकं परीक्षण मी तरी कुठे वाचलेलं नाही.

आणि आपल्याला हे नवीन आहे का? ‘सौभद्र’ १८८२ चं. त्यातली पदं किती पिढ्यांनी गायली? कुणी म्हणालं का की भाऊराव कोल्हटकरांनी गायलंय, आता बालगंधर्वांनी गायची गरज नाही? ‘मानापमाना’तला धैर्यधर दीनानाथांनी स्वतःच्या ढंगाने गायला, लोकांनी त्यावर जीव ओवाळून टाकला. ‘कट्यार’मध्ये तर अभिषेकीबुवांनी ‘घेई छंद मकरंद’ एकाच नाटकात दोन तऱ्हांनी बांधलं. एक ठाय आणि शांत, दुसरं खाँसाहेबांचं, चपळ. शब्द तेच, आणि दोन घराण्यांचा अख्खा झगडा त्यातून उभा राहतो. वसंतरावांनंतर २०१० मध्ये राहुल देशपांडे ‘कट्यार’ घेऊन उभे राहिले तेव्हा हीच मंडळी भारतवारीत तिकिटं मिळवायला धडपडत होती. तेव्हा कढी ताजी होती वाटतं!

ग्रुपवर दुसरा आक्षेप आला की ऑड्राचा आवाज रोजला शोभत नाही. ती ज्युलिअर्ड या संगीत विद्यालयात शिकलेली सोप्रानो, म्हणजे उंच पट्टीत गाणारी, रोजला दणदणीत खुला गळा हवा. हे वाचून मी फोन पालथा घातला. मर्मनसारखं गाणारी आणखी एक मर्मन हवीय का तुम्हाला? ब्रॉडवेवर रोज म्हणून उभी राहणारी ही पहिली कृष्णवर्णीय नटी. जॉर्ज सी. वुल्फने दिग्दर्शित केलेल्या या प्रयोगात, मुलीला चमकवण्यासाठी रोज काय काय पुसून टाकते याला वेगळाच रंग चढतो. ऑड्रा वरच्या स्वरात जाते तेव्हा तो सुंदर आवाज ती मुद्दाम मोडते. शिकलेला गळा मोडायला किती धैर्य लागतं, हे गाण्याच्या घरात वाढलेल्या माणसाला सांगावं लागू नये. टोनी, म्हणजे ब्रॉडवेचं पारितोषिक, तिला या भूमिकेसाठी मिळालं नाही. त्यावरही तेव्हा आपल्याकडे भांडण झालं होतं, ते आता उकरत नाही.

बरं, एक मान्य करते, जिवावर येतंय तरी. पाचांत नवं संगीत असलेले अल्बम दोनच, ‘मेबी हॅपी एंडिंग’ आणि ‘डेथ बिकम्स हर’. नव्या संगीतकारांना जागा हवी. विल ॲरनसन आणि ह्यू पार्कचं ‘मेबी हॅपी एंडिंग’ २०१६ ला सोलमध्ये कोरियन भाषेत उभं राहिलं, तिथून ब्रॉडवेच्या बेलास्को थिएटरपर्यंत आलं आणि २०२५ चं सर्वोत्कृष्ट म्युझिकलचं टोनी घेऊन गेलं. मला ते प्रचंड आवडतं. ग्रॅमी त्याला मिळालं असतं तर मी नाचले असते.

पण मग राग एकट्या ‘जिप्सी’वर का? ‘जस्ट इन टाइम’मध्ये बॉबी डॅरिन या जुन्या गायकाची गाणी आहेत. ‘बुएना व्हिस्टा’मध्ये जुनी क्यूबन गाणी आहेत, १९९७ च्या त्या अल्बमने जगभर पोचवलेली. तीही नवी नाहीत. त्यांच्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. काढूही नये, कारण ती माणसं जीव तोडून गायली-वाजवली आहेत. मग तोच न्याय ऑड्राला लावा ना!

शिवाय २०२२ आठवा. तेव्हा बार्लो आणि बेअर या दोन मुलींच्या ‘अनऑफिशियल ब्रिजर्टन म्युझिकल’ला हे ग्रॅमी मिळालं. रंगमंचावर उभंच न राहिलेलं म्युझिकल. करोनाने थिएटरं बंद होती, मुलींनी घरात बसून अल्बम केला आणि अँड्र्यू लॉइड वेबरच्या ‘सिंड्रेला’ला मागे टाकलं. तेव्हा तुम्हीच म्हणालात, ग्रॅमी ऐकू येतं त्याला असतं, नाटकाला नसतं. अगदी बरोबर बोललात. मग आज कान बंद का?

रेकॉर्डिंग हा वेगळा प्रयोगच असतो. १९७० ला ‘कंपनी’ या म्युझिकलचं रेकॉर्डिंग झालं, त्याची डॉक्युमेंटरी बघा. एकाच दिवसात सगळं उरकायचं, पहाट होऊन गेलेली, आणि इलेन स्ट्रिचचं ‘लेडीज हू लंच’ काही केल्या जमत नाही. दररोज रंगमंचावर गाणारी बाई, स्टुडिओत तिचा आवाज बसलेला, स्वतःवरच चिडलेली. शेवटी वाद्यवृंद वेगळा रेकॉर्ड करून ठेवला आणि ती नंतर येऊन गायली. आज आपण ऐकतो ते हे गाणं. प्रेक्षक नाहीत, टाळी नाही, वेशभूषा नाही. फक्त गळ्यातून माणूस उभा करायचा.

भांडायचंच असेल तर ग्रॅमीचा पुतळा कुणाकुणाला मिळतो त्यावर भांडा. नियमाने तो मुख्य गायकांना, अल्बमच्या निर्मात्यांना, आणि संगीत नवं असेल तर संगीतकार-गीतकारांना. कोरसला नाही. वाद्यवृंदालाही नाही. ‘जिप्सी’चं ओव्हर्चर, म्हणजे सुरुवातीचं नुसत्या वाद्यांचं संगीत, ऐकून ज्याच्या अंगावर काटा येत नाही तो माझा मित्र नाही, आणि ते वाजवणाऱ्या तुतारीवाल्याला काही नाही! १९५९ ला सिड रेमिन आणि रॉबर्ट गिन्झलरने ते वाद्यांसाठी लिहिलं, ती नावं आपल्यातल्या किती जणांना माहीत आहेत? इथे आवाज चढवा, मी तुमच्या पुढे उभी राहीन.

लिहिता लिहिता राग उतरला थोडा. आई परत गेली तेव्हा तिच्या फोनमध्ये ते गाणं टाकून दिलं होतं. परवा फोनवर सांगत होती की शेजारच्या काकूंना ऐकवलं, त्यांना काही ते रुचलं नाही, फार ओरडते म्हणाल्या. आई त्यांच्यावर रुसलीये. मला म्हणाली, "ती ओरडत नाहीये, तिचं कुणी ऐकत नाहीये." आमच्यात हे असं बोलणं कधी होत नाही. सहा महिन्यांच्या व्हिसावर येते, मेथी निवडते, नातवंडांचे डबे भरते, परत जाते. तिची मुलं मोठी झालीत.

ज्यांना मॅजेस्टिकचं तिकीट परवडत नाही, ज्यांना विमानाचा प्रवास झेपत नाही, ज्यांच्या गावात ब्रॉडवेचा दौरा कधीच येणार नाही, त्यांच्यापर्यंत एवढंच पोचतं. माझ्या आईपर्यंत पोचलेली रोज ऑड्राची आहे. तिच्यासाठी ही पहिलीच.

त्या गृहस्थांना ग्रुपवर लिहिलंय, इथेही लिहिते. रविवारी चारला आमच्याकडे एडिसनला या, वहिनींनाही आणा. मर्मन, डेली, पीटर्स, लुपोन, ऑड्रा, याच क्रमाने ‘रोझेस टर्न’ लावते. मध्ये कुणी बोलायचं नाही. चहा नंतर. ज्या अंगठेवाल्यांना यायचंय त्यांनी खाली कळवा, खुर्च्या मांडायला बरं पडेल.